दुबईत व्हिसा संपला? पुन्हा कायदेशीर व्हायचा मार्ग असा आहे

बेळगाव, खानापूर, सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी दुबई, शारजा, अबुधाबीला कामाला आहे. त्यातल्या एखाद्याचा घरी फोन येतो, ‘व्हिसा संपलाय, कंपनी दाद देत नाही.’ मग भीतीनं माणूस लपून राहतो आणि तिकडं दंड वाढत जातो. व्हिसा संपला म्हणजे सगळं संपलं असं नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, कागद पुन्हा सरळ करता येतात. मात्र पकडलं जाण्याआधी स्वतःहून पुढं व्हायला हवं.

दंड किती बसतो?

मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला 50 दिर्हम दंड आहे. व्हिजिट व्हिसा असेल तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीटर चालू. नोकरीचा व्हिसा रद्द झाला असेल तर त्याच्या प्रकारानुसार काही दिवसांची सवलत मिळते, ती संपली की दंड लागतो. वर्षभराचा दंड होतो 18,250 दिर्हम. दिर्हमला 23 रुपये धरले तरी जवळपास 4 लाख 20 हजार रुपये! म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणं सगळ्यात महाग पडतं.

तिथंच राहायचं असेल तर

नुसता दंड भरला की राहायचा हक्क मिळत नाही. नवा आधार लागतो. बहुतेकांसाठी तो म्हणजे नव्या कंपनीची नोकरी किंवा तिथं कायदेशीर राहणाऱ्या नवरा-बायकोची स्पॉन्सरशिप. क्रम साधारण असा:

1. नवी कंपनी कामगार मंत्रालयाकडून वर्क परमिट काढते.
2. थकलेला दंड भरला जातो. अडचण खरी असेल तर दंड कमी करण्यासाठी अर्ज करता येतो, पण मंजुरी अधिकाऱ्यांच्या हातात.
3. देशाबाहेर न जाता स्टेटस बदलून घेतलं जातं.
4. मेडिकल होते, एमिरेट्स आयडी निघतो आणि रहिवास पुन्हा कायदेशीर होतो.

यात मोठा अडथळा म्हणजे जुन्या कंपनीनं ‘कामगार पळाला’ म्हणून केलेली तक्रार, जिला तिकडं अ‍ॅब्स्कॉन्डिंग म्हणतात. ती मिटल्याशिवाय नवा व्हिसा होत नाही. कंपनीनंच पगार थकवला असेल तर कामगार मंत्रालयात आपली बाजू मांडता येते. पगाराचे मेसेज, करारपत्र, बँकेचे कागद जपून ठेवा. कामगाराचा पासपोर्ट कंपनीनं अडकवून ठेवणं तिथल्या कायद्यातही बसत नाही, हे लक्षात असू द्या.

घरी परतायचं असेल तर

पासपोर्ट हरवला किंवा मुदत संपली असेल तर भारतीय वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते फक्त भारतात परत येण्यापुरतंच चालतं. दंड आणि एक्झिट परमिटचा विषय मिटवून मग विमान. स्वतःहून निघालेला आणि पकडून हद्दपार केलेला, या दोघांत मोठा फरक आहे. हद्दपार झालेल्याची नोंद बोटांच्या ठशांसकट आणि डोळ्यांच्या स्कॅनसकट राहते, त्यामुळं नवा पासपोर्ट काढूनही परत जाता येत नाही.

माफी योजना म्हणजे काय?

यूएई सरकार अधूनमधून सवलतीची मुदत जाहीर करतं. 1996, 2003, 2007, 2013 आणि 2018 मध्ये अशा योजना आल्या. 2018 ला नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसाही दिला होता. त्यानंतरची योजना 1 सप्टेंबर 2024 ला सुरू झाली. दोन महिन्यांची मुदत वाढवून ती 31 डिसेंबर 2024 पर्यंत नेली. दंड पूर्ण माफ, घरी गेलेल्यावर परत येण्याची बंदी नाही, आणि नोकरी मिळाली तर तिथंच राहायची मुभा. राहू इच्छिणाऱ्या भारतीयांना वकिलातीनं कमी मुदतीचा पासपोर्ट दिला. पण चोरवाटेनं घुसलेले किंवा हद्दपारीचा आदेश असलेले यात बसत नव्हते. योजना सुरू झाल्यावर ज्यांचा व्हिसा संपला, त्यांनाही लाभ नव्हता. बँकेचं कर्ज, चेक किंवा पोलीस केस माफीनं मिटत नाही.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं असतं. सौदीनं 2013 मध्ये कागद सरळ करून राहायची संधी दिली, तर 2017 मधली सवलत मुख्यतः देश सोडण्यासाठी होती. त्यामुळं पुढच्या माफीची वाट बघत बसू नका. ती कधी येईल आणि आपण तिच्यात बसू का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

जाण्याआधीच हे बघा

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. ‘आधी व्हिजिटवर जा, तिथं व्हिसा करून देतो,’ असं एजंट म्हणाला तर तिथंच थांबा. व्हिजिटवर काम करणं बेकायदेशीर आहे. असं कामाला ठेवणाऱ्या मालकाला 2024 पासून 1 लाख ते 10 लाख दिर्हम दंड आहे, पण अडकतो कामगारही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांनी यूएईला नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यायची असते. तिच्यासोबत 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही मिळतो. व्हिजिटवर गेलं की मंजुरीचं हे संरक्षण राहत नाही. एजंटचा परवाना ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासा. सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

मदत कुठं?

दुबईतल्या भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर 800 46342 आहे. तो यूएईतून लागतो. घरच्यांना इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. अगदीच पैसे नसलेल्यांसाठी वकिलातीकडं 2009 पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, गरज तपासून त्यातून तिकिटाचा खर्च मिळू शकतो. तक्रार करताना पासपोर्ट नंबर, व्हिसाची प्रत, कंपनीचं नाव आणि शेवटचा पगार कधी झाला, एवढी माहिती हाताशी ठेवा. पासपोर्ट आणि व्हिसाची एक झेरॉक्स जाण्याआधीच घरात ठेवलेली असेल तर निम्मं काम सोपं होतं.