अर्धा चमचा मीठ, सहा चमचे साखर

लहान मुलाला जुलाब लागले की ‘पाणी देऊ नका, जुलाब वाढतील’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु जुलाबांत मूल दगावते ते बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. गेलेले पाणी परत द्यावे, इतकी साधी गोष्ट अमलात यायला एवढा काळ का लागला?

1832 मध्ये स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लॅटा यांनी पटकीच्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. मरणाच्या दारातले काही रुग्ण सावरले. विसाव्या शतकात हा ‘सलाइन’चा उपचार स्थिरावला. पण त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया, नळ्या आणि जाणकार माणूस लागतो. ज्या वस्तीत पटकी येते, तिथे नेमके हेच नसते. मग तोंडाने का देऊ नये? अडचण अशी, की पटकीत नुसते मिठाचे पाणी प्यायले तर आतडे ते नीट शोषत नाही. ते जुलाबांवाटे निघून जाते.

या कोड्याची किल्ली जुलाबांचा विचारही न करणाऱ्या एका संशोधकाच्या हाती लागली. आतडे साखर कशी शोषते, हा रॉबर्ट क्रेन यांचा प्रश्न होता. 1960 मध्ये प्राग येथे त्यांनी आपली कल्पना मांडली: ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत जातात हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. पटकीच्या विषामुळे आतड्यात पाणी झरत असले तरी हे दार उघडेच राहते. मिठाच्या पाण्यात साखर हवी, ती यासाठी!

कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 मध्येच साखर-मिठाचे पाणी देऊन 186 रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले होते. पण त्यामागचे कारण तेव्हा कळलेले नव्हते आणि त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. 1968 मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश व सहकाऱ्यांनी दाखवले, की तोंडाने असे द्रावण दिल्यास सलाइनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटते.

खरी कसोटी लागली 1971 मध्ये. बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकी पसरली आणि सलाइनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मोजून पुड्या करवल्या, पिंपांत द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्युप्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. उपचार डॉक्टरांच्या हातून आईच्या हातात आला, हे आम्हांला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते.

1978 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि ‘ओआरएस’ची पुडी जगभर पोचली. 2002 मध्ये तिच्यातील मीठ व ग्लुकोज कमी करून ती अधिक गुणकारी करण्यात आली. पुडी मिळाल्यास तीच वापरावी. न मिळाल्यास उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. अंदाजाने टाकू नये. जादा मीठ मुलाला घातक ठरते. द्रावण घोटघोट पाजावे, 24 तासांनी उरलेले फेकून द्यावे. अंगावरचे दूध व एरवीचा आहार चालू ठेवावा. मिठाची पेजही चालते. मात्र डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

शिक्षकांनी हे द्रावण वर्गात करून घ्यावे. प्रत्येकाने घरचा चमचा आणावा, सपाट आणि शिगोशीग यांतला फरक मोजावा. मग चव पाहावी: आसवांपेक्षा खारट लागले तर मीठ जास्त झाले. एवढे शिकलेले मूल घरी गेले, की धाकट्या भावंडाचे पाणी तोडणाऱ्याला निदान अडवू तरी शकेल.