सवलतीकडून हक्काकडे : वसतिगृहातील अपंग विद्यार्थ्याच्या अर्जाचा इतिहास

शिरूर घोडनदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसले आहे. दौंडास लोहमार्ग १८५८ साली पोहोचला आणि १८७८ साली मनमाडकडील फाटा निघाल्यावर ते जंक्शन झाले. शिरूरास मात्र अद्यापि रेल्वे नाही. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता हाच त्याचा आधार होय. दोन्ही गावी महाविद्यालये आहेत. तथापि १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून उच्च शिक्षणासाठी तेथील अनेकांना पुण्याची वाट धरावी लागली. हे अंतर सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांचे आहे. दौंडचा धडधाकट विद्यार्थी रोज गाडीने ये-जा करू शकतो. परंतु ज्याला डब्याची पायरी चढवत नाही, त्याच्यासाठी वसतिगृहातील खोली ही शिक्षणाची पूर्वअटच ठरते.

महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास हा मुख्यतः प्रवेशाचा इतिहास आहे. शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ साली निघालेले मराठा बोर्डिंग असो की कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून चालविलेले वसतिगृह असो, कोणास आत घ्यावयाचे हाच तेथील मुख्य प्रश्न होता. अपंगांचा मार्ग याहून निराळा राहिला. पुण्याच्या अंधशाळेसारख्या (१९३४) संस्थांत शिक्षण व निवास यांची एकत्र सोय झाली, पण ती समाजापासून वेगळी. या वेगळेपणाची एक किंमत पुढे मोजावी लागली : अपंगांची व्यवस्था अन्यत्र आहे या समजुतीने सर्वसाधारण वसतिगृहांचे जिने, उंबरठे आणि उकिडवे बसावयाचे शौचकूप निश्चिंतपणे बांधले गेले. कोल्हापुरात स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली संस्था स्थापून पुढे अपंग मुलांसाठी वसतिगृह उभारले, ही घटना म्हणूनच महत्त्वाची. घर कोणाच्या मापाने बांधावयाचे, हा निर्णय येथे प्रथमच त्या मापाच्या माणसाने घेतला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु अशी उदाहरणे विरळाच.

अर्जाच्या भाषेतही हाच इतिहास उमटला आहे. 'सवलत' हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ सुलभता. मराठीत मात्र नियमातून मर्जीने दिलेली सूट असा अर्थ त्यास चिकटला आणि सवलत मागणारा आपोआप याचक झाला. १९९५ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांत तीन टक्के जागा राखल्या, पण इमारती सुगम करण्याचे कर्तव्य शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत ठेवले. संस्थेला 'निधी नाही' एवढे उत्तर पुरत असे. २०१६ च्या अधिनियमाने हे नाते पालटले. राखीव जागा किमान पाच टक्के झाल्या, हे ठळक कलम सर्वांस ठाऊक असते. त्याहून मूलगामी बदल भेदभावाच्या व्याख्येत आहे. वाजवी फेरबदल नाकारणे हाच भेदभाव, असे ती व्याख्या सांगते. अवाजवी भार पडतो हे आता संस्थेने दाखवावयाचे आहे. या फेरबदलासाठी इंग्रजी कायद्यात 'अकॉमोडेशन' हा शब्द आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ निवासस्थान असाच आहे. वसतिगृहात हे दोन्ही अर्थ एकाच दारात भेटतात!

त्या दारापुढील पायरी पंधरा सेंटिमीटर उंच असेल, तर १:१२ या प्रमाणाने एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. तळमजल्यावरील खोली द्यावयाची, तर बहुधा केवळ वाटपाची यादी बदलावी लागते. अशा मागण्यांना अवाजवी भार म्हणणे कठीण आहे. मदतनीसाला सोबत राहू देणे अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे वसतिगृहाचे नियम व इतर रहिवाशांचे खासगीपण यांचाही विचार करावा लागतो. तरीही मागणी न तपासता नाकारता येत नाही. नकार मिळाल्यास राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात (२०२१) आणखी एक गाठ सोडविली. चाळीस टक्के अपंगत्वाची अट राखीव जागेसाठी आहे. वाजवी फेरबदलाचा हक्क त्या अटीवर अवलंबून नाही. तीस टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्या शिरूरच्या विद्यार्थिनीला राखीव जागा मिळणार नाही. परंतु तिसऱ्या मजल्याचा जिना तिला रोज चढवत नसेल, तर खाली खोली मागण्याचा तिचा हक्क शाबूत आहे. तिच्या अर्जात टक्केवारीपेक्षा जिन्याचे, अंतराचे व दिनक्रमाचे वर्णन अधिक उपयोगी पडते, आणि ते खोल्यांचे वाटप होण्यापूर्वी लेखी पोहोचलेले असावे लागते.