प्लास्टिकची सांधणी आणि चिकटद्रव्यांचा इतिहास

खळ, डिंक, लाख, राळ आणि सरस ही घरगुती सांधकामाची जुनी साधने कागद, लाकूड, कातडे, माती अशा पदार्थांसाठी घडलेली होती. जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला सरस करपू नये म्हणून सुतार पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तो मंद आचेवर पातळ करी आणि निवण्याच्या आत सांध्याला लावून फळ्या शिकंज्यात आवळी. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे सरस त्यात मुरे आणि तेथेच कडक होई. मुंबईत बळवंत पारेख यांच्या उद्योगातून १९५९ साली बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने सुताराची ही भट्टी बंद केली. तथापि पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असलेला हा पांढरा गोंददेखील लाकडाने पाणी शोषून घेतले तरच घट्ट होतो, म्हणून प्लास्टिकच्या गुळगुळीत अंगावर तो निरुपयोगी ठरतो.

प्लास्टिकसाठी उपयोगी पडलेले एक महत्त्वाचे द्रव्य मात्र युद्धकाळातील एका फसलेल्या प्रयोगातून आले. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर १९४२ साली बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना त्यांच्या हाती सायनोअ‍ॅक्रिलेट लागले, परंतु ते दिसेल त्या वस्तूला चिकटत असल्याने बाजूला टाकण्यात आले. १९५१ साली टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी या द्रव्याचा पातळ थर अपवर्तनांक मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरला आणि ते लोलक एकमेकांना असे चिकटले की सुटेनात. उपकरण गेले, पण या द्रव्याचे मोल कूव्हर यांच्या ध्यानात आले. १९५८ पासून ते 'ईस्टमन ९१०' या नावाने विकले जाऊ लागले. फेव्हिक्विकची छोटी नळी याच कुळातली आहे. पृष्ठभागावरील किंचित ओलाव्याने या द्रव्याचे रेणू साखळीने जोडले जातात. त्यामुळे थर जितका पातळ तितका सांधा बळकट होतो, आणि जास्त थेंब ओतण्याची सर्वसाधारण सवय कामाच्या मुळावर येते. हा सांधा ताण सोसतो, मात्र ठोसा किंवा सोलपटणारा जोर त्याला सोसत नाही.

याउलट राळ व तिला कडक करणारे द्रव्य आयत्या वेळी मिसळून वापरायचे इपॉक्सी, जे १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीने अ‍ॅराल्डाइट या नावाने आणले, ते फटी भरते, पण घट्ट व्हायला वेळ घेते. पीव्हीसी नळांच्या सांध्याची रीत आणखी निराळी आहे: तेथील सॉल्व्हंट सिमेंट नळाचाच पृष्ठभाग विरघळवते, नळ खोबणीत पाव फेरा फिरवून बसवला की दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा जणू एकच तुकडा उरतो.

खरी अडचण घरात सर्वाधिक आढळणाऱ्या प्लास्टिकची आहे. इंग्लंडमध्ये १९३३ साली सापडलेले पॉलिथिन आणि १९५४ साली इटलीत जुलिओ नट्टा यांनी सिद्ध केलेले पॉलिप्रोपिलीन यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे दुसऱ्या द्रवाला आपल्या अंगावर पसरू देण्याची क्षमता, इतकी कमी असते की अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणे गोंद त्यांच्यावर गोळा होऊन राहतो. बादली, डबे, टब धुवायला सोपे पडतात ते ज्या गुणामुळे, तोच गुण त्यांना दुरुस्तीपासून दूर ठेवतो. पत्र्याच्या गळक्या बादलीला डाग देता येई. प्लास्टिकच्या बादलीची चीर मात्र गरम सळईने वितळवून बुजवावी लागते, आणि गोंदाच्या मानाने हा उपाय पुष्कळदा अधिक टिकाऊ ठरतो.

म्हणून 'सगळ्यात जोरदार गोंद कोणता' हा प्रश्नच अपुरा आहे. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली पुनर्वापरासाठी सुरू केलेला त्रिकोणातील आकडा अनेक वस्तूंच्या तळाशी असतो आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही तो मार्ग दाखवतो. ३ हा आकडा पीव्हीसीचा आहे, तेथे द्रावक चालतो. २, ४ किंवा ५ दिसल्यास साधी नळी विकत घेऊ नये, त्या प्लास्टिकसाठी प्रायमरसह मिळणारा गोंद घ्यावा, आणि कोणताही गोंद लावण्यापूर्वी सांध्यावरील तेलकटपणा पुसून सांधा बारीक पॉलिश पेपरने खरवडून घ्यावा.