हंसा मेहता समिती

मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत की एकच, हे तपासण्यासाठी राष्ट्रीय स्त्री-शिक्षण परिषदेने १९६२ मध्ये नेमलेली समिती. तिचा अहवाल १९६४ चा. अध्यक्ष हंसा मेहता (१८९७–१९९५) या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. मुले-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-कुलगुरू.

बडोद्याला हा प्रश्न नवा नव्हता. तिसऱ्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यात मुलीही आल्या. मात्र मुलींची सक्ती मुलांपेक्षा लहान वयातच संपत असे. हंसाबेनच्या विद्यापीठात एकीकडे १८९० च्या कलाभवनातून वाढलेली अभियांत्रिकी शाखा होती, दुसरीकडे गृहविज्ञानाची. कोण कुठे जाणार, हे प्रवेशअर्ज भरण्याच्या कितीतरी आधी शाळेतच ठरून जाई. मुलीने बीजगणित-भूमिती सोडून गृहशास्त्र घेतले की विज्ञान शाखेची वाट तिथेच बंद. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीसाठी घरच्यांनी आणि शाळेने मिळून केलेल्या या निवडीला पुढे ‘मुलींचा कल’ म्हटले जाई.

समितीने नेमके यावरच बोट ठेवले. स्त्री-पुरुषांच्या स्वभावात आणि आवडीत दिसणारे बहुतेक फरक निसर्गाने नव्हे, समाजाने घडवलेले आहेत. म्हणून शिक्षण विद्यार्थ्याची कुवत पाहून द्यावे, लिंग पाहून नव्हे, असे तिने मांडले. प्राथमिक व मिडल-स्कूल टप्प्यावर अभ्यासक्रम एकच असावा आणि घरकामाचे शिक्षण मुलांनाही मिळावे, ही शिफारस त्या काळी धाडसाची होती. पण सर्वांत मोलाची सूचना दुसरीच म्हणावी लागेल: मुलींना गणित-विज्ञानाकडे वळवण्यासाठी खास प्रयत्न व्हावेत आणि हे विषय शिकवणाऱ्या शिक्षिका तयार कराव्यात. फळ्यावर प्रमेय सोडवणारी बाई रोज डोळ्यांसमोर दिसली, तर मुलीला वेगळे काही पटवून द्यावे लागत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) या शिफारशी उचलून धरल्या. विज्ञान शाखेत पुढे मुलींनी मुलांना मागे टाकले: २०२०–२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात पदवी व त्यावरील स्तरांवर २९.५ लाख मुली आणि २७.७ लाख मुलगे होते. अभियांत्रिकीत मात्र तसे घडले नाही. आयआयटींमध्ये तर मुलींचे प्रमाण वाढवण्यासाठी २०१८ पासून त्यांच्याकरिता जादा जागा निर्माण कराव्या लागल्या.