आधी घर, मग चर्च

गडमुडशिंगी-कोल्हापूरकडची सहलीची गाडी जुन्या गोव्यात थांबली की मंडळी थेट बों जेझूस चर्चमधल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे वळतात. शेजारच्या दुमजली घराकडे, जेझुइट पाद्र्यांच्या ‘कासा प्रोफेसा’कडे, सहसा कुणी बघत नाही. या वास्तूचा इतिहास मात्र त्या घरापासूनच वाचला पाहिजे, कारण घर चर्चच्या आधीचे आहे. ते 1580च्या दशकात उभे राहिले, तर चर्चचा पाया 1594 मध्ये पडला आणि 1605 मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. झेवियर वारले 1552 मध्ये. त्यांना संतपद मिळाले 1622 मध्ये आणि देह चर्चमध्ये आला तो त्यानंतर. म्हणजे चर्च बांधले गेले ते या समाधीसाठी नव्हे, घरातल्या पाद्र्यांसाठी. जेझुइटांच्या नियमाप्रमाणे कॉलेजला कायमचे उत्पन्न चाले. अशा घराला ते निषिद्ध, तिथल्यांनी दानावरच जगायचे. चर्चसाठी पैसा आला तोही कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यश याच्या मृत्युपत्रातून. दारिद्र्याचे व्रत आणि दर्शनी भिंतीवरचे वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे नक्षीकाम, दोन्ही एकाच आवारात सुखाने नांदली!

यावर कुणी म्हणेल, घर तरी मूळचे कुठे उरले आहे? 1663च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच हाकलले आणि डागडुजी झाली ती 1783 मध्ये, ते गेल्यानंतर. आक्षेप खरा आहे; पण त्यातून निघते ते उलटेच. मालक गेले तरी घर पडू दिले नाही, आणि त्याच्या जांभ्यावर चुन्याचा गिलावा राहिला. चर्चचा गिलावा मात्र 1950च्या दशकात, जुनेपणा उठून दिसावा म्हणून, खरवडून काढला. जांभा सच्छिद्र असतो. कोकणच्या पावसात तो पाणी पितो, वरचा थर भुसभुशीत होऊन झडतो. आज पर्यटक ज्या तांबड्या भिंतीचे फोटो काढतात, ती चर्चच्या आयुष्यातली जेमतेम सत्तर वर्षांची. लोकांना तेच रूप ओळखीचे झाले आहे, हे गिलावा पुन्हा न चढवण्याचे कारण होऊ शकत नाही. चर्चला चुन्याचा गिलावा परत द्यावा. तो कसा दिसेल याची शंका असेल, तर शेजारचे घर बघावे.