शिष्यवृत्ती की कमाई?

१९९४ साली बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत अमेरिकॉर्प्स सुरू झाली. तरुणांनी वर्षभर समाजसेवा करायची आणि शेवटी शिक्षणासाठी ४,७२५ डॉलर मिळवायचे, अशी ती योजना. हे पैसे त्यांच्या हातात पडतच नसत. ते परस्पर कॉलेजकडे किंवा शैक्षणिक कर्ज फेडायला जात. प्राप्तिकर मात्र त्या मुलामुलींच्या नावावर. ज्या वर्षी रक्कम वापरली, त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून ती विवरणपत्रात दाखवायची. कर आधी कापलेला नसल्यामुळे एप्रिलमध्ये तो पदरमोड करून भरायचा.

या त्रांगड्याचं मूळ बरंच जुनं आहे. शिष्यवृत्ती ही देणगी मानायची की कमाई, याचा निवाडा पूर्वी प्रकरणागणिक होई. १९५४च्या करसंहितेने कलम ११७ आणलं आणि पदवीसाठी शिकणाऱ्याची शिष्यवृत्ती करमुक्त केली.

सवलत म्हटली की तिच्यात बसण्याची धडपड आलीच. पिट्सबर्गजवळच्या बेटिस अणुप्रयोगशाळेत वेस्टिंगहाऊस कंपनी आपल्या अभियंत्यांना प्रबंध लिहायला रजा देई आणि त्या काळात पगाराच्या ७० ते ९० टक्के रक्कमही देई. अट एकच, पण भक्कम: रजा संपल्यावर किमान दोन वर्षं कंपनीतच काम करायचं. या रकमेवरचा कापलेला कर परत द्या, म्हणून अभियंते कोर्टात गेले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नकार दिला. कामाच्या बदल्यात मिळतो तो मोबदला. त्याला शिष्यवृत्ती म्हणून चालणार नाही. अमेरिकॉर्प्सच्या सेवेकऱ्यांना जाचलेला तर्कही याच जातीचा.

१९८६ मध्ये रेगन यांच्या करसुधारणेने हात आणखी आखडला. करमुक्ती उरली ती फी, पुस्तकं आणि अभ्यासक्रमाला लागणाऱ्या साहित्यापुरती. राहण्याजेवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करपात्र ठरली. त्याच कायद्याने नोबेल पारितोषिकालाही सोडलं नाही.

मग वारं फिरलं. १९९७ मध्ये ‘होप’ सवलत आली; कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांसाठी थेट करातून १,५०० डॉलरपर्यंत सूट. २००९ मध्ये तिची जागा घेणाऱ्या सवलतीने ही मर्यादा २,५०० वर नेली. कॉलेजं १०९८-टी नावाचा फॉर्म धाडू लागली: एका चौकटीत फी, दुसरीत शिष्यवृत्ती. बरीच वर्षं या फॉर्मवर मिळालेल्या फीऐवजी आकारलेली फी छापलेली असे. जानेवारीच्या सत्राचं बिल डिसेंबरात निघालं की ते आदल्या वर्षात जाई आणि भरलेल्या पैशांशी मेळ बसत नसे.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, फी ४,००० डॉलर आणि अनुदानही तेवढंच. अनुदान फीत वळवलं तर कर शून्य, पण सवलतही शून्य. अनुदानाच्या अटी आड येत नसतील, तर तेच पैसे राहण्याजेवण्यावर खर्च झाले असं दाखवता येतं. मग अनुदान करपात्र होतं, फी खिशातून भरलेली ठरते आणि पूर्ण २,५०० डॉलरची सवलत मागता येते. म्हणजे स्वतःहून उत्पन्न वाढवून दाखवायचं, तेही फायद्यासाठी! करखात्याच्या पुस्तिकेतच हा मार्ग सांगितलेला आहे.

पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याला सहसा पहिली पाच वर्षं या सवलतीचा उपयोग नाही, कारण तोवर करखात्याच्या लेखी तो अनिवासी. शिष्यवृत्तीच्या करपात्र भागातून १४ टक्के आधीच कापले जातात. पण १९८९च्या भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे त्याला अमेरिकी नागरिकासारखी प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती नाही.