निष्क्रिय परावर्तक उपग्रह आणि हौशी रेडिओ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
उपग्रह संदेशवहनाचा इतिहास बहुधा सक्रिय उपग्रहांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याआधी केवळ परावर्तनावर आधारलेल्या उपग्रहांचा एक अल्पकालीन टप्पा होऊन गेला. हा टप्पा का संपला आणि त्यामागील तत्त्व हौशी रेडिओच्या क्षेत्रात कसे टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

परावर्तकाचे युग :
१२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने 'एको-१' हा सुमारे ३० मीटर व्यासाचा, अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला फुगा अवकाशात सोडला. संदेश ग्रहण करून तो वर्धित करणारी यंत्रणा त्यात नव्हती. पृथ्वीवरून आलेल्या लहरी तो आरशाप्रमाणे केवळ परतवीत असे. १९६४ मध्ये सुमारे ४१ मीटर व्यासाचा 'एको-२' सोडण्यात आला. अशा उपग्रहाचा गुण असा की, त्यावर कोणाचीही मक्तेदारी नव्हती. कोणत्याही देशाने, कोणत्याही कंप्रतेवर, एकाच वेळी त्याचा उपयोग करावा.

मात्र भौतिकशास्त्राचा नियम आड आला. परावर्तित लहरीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाल्यास ती एक षोडशांश उरते. सक्रिय उपग्रह स्वतःच्या शक्तीने संदेश पुन्हा प्रक्षेपित करीत असल्याने तेथे ही घट एक चतुर्थांशापुरतीच राहते. जुलै १९६२ मधील 'टेलस्टार'नंतर व्यापारी संदेशवहनाने सक्रिय मार्ग स्वीकारला. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उभारलेले विक्रम भू-केंद्र हे याच मार्गावरील भारताचे एक महत्त्वाचे पाऊल होय.

हौशी रेडिओचा मार्ग :
'एको-१'च्या काही आठवडे आधी, जुलै १९६० मध्ये, कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स येथील हौशी गटांनी चंद्रालाच परावर्तक मानून १२९६ मेगाहर्ट्झवर दुतर्फा संपर्क साधला होता. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर असल्याने संदेश परत येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. त्यासाठी पूर्वी प्रचंड अँटेना व मोठी शक्ती आवश्यक असे. २००१ पासून नोबेल पारितोषिक विजेते खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी विकसित केलेल्या संगणकीय पद्धतींमुळे अतिक्षीण संदेशही वाचता येऊ लागले व साधनांची गरज पुष्कळ कमी झाली.

दुसरीकडे १२ डिसेंबर १९६१ च्या 'ऑस्कर-१'पासून हौशी चालकांनी स्वतःचे उपग्रहही घडविले. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६ द्वारे ४२.५ किलोग्रॅमचा 'हॅमसॅट' सोडला. त्यातील दोन ट्रान्सपॉन्डरांपैकी एक भारतीय, तर दुसरा एका डच हौशी चालकाने तयार केलेला होता. २०१४ मध्ये तो निकामी झाला. सक्रिय उपग्रहाचे आयुष्य त्याच्या विद्युतघटांसारख्या घटकांवरही अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट होते. चंद्राला अशी मर्यादा नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण :
पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडविलेला, सुमारे एक किलोग्रॅम वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ द्वारे प्रक्षेपित झाला. हौशी रेडिओसाठी संदेश साठवून पुढे पाठविणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते. त्याची दिशा स्थिर राखण्यासाठी विद्युतशक्तीऐवजी स्थायी चुंबकाचा आधार घेतला होता. संदेशवहनात तो सक्रिय, तर दिशानियंत्रणात निष्क्रिय होता. निष्क्रियता म्हणजे मागासलेपण नव्हे, मर्यादित साधनांत निसर्गनियमाकडून काम करवून घेणे होय, हे या रचनेवरून ध्यानात येते.

समारोप :
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले, हे मराठवाड्याने विसरता कामा नये. नित्याच्या यंत्रणा कोलमडतात तेव्हा साधी साधने व प्रशिक्षित माणसे उपयोगी पडतात. छत्रपती संभाजीनगर परिसरातील महाविद्यालयांना स्वतःचा उपग्रह घडविणे कदाचित लगेच शक्य होणार नाही. परंतु परवानाधारक हौशी केंद्र चालविणे आणि चंद्रावरून परतलेला संदेश विद्यार्थ्यांना ऐकविणे हे अशक्य नाही. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, भूगोल व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांना एकत्र आणणारा असा उपक्रम दुसरा क्वचितच सापडेल. परावर्तक उपग्रहांचे युग संपले, तरी त्यांनी दाखविलेला सर्वांसाठी खुला असलेला मार्ग आजही उपलब्ध आहे.